शेणानं सारवलेलं डालगं

मित्रांनो, जरा लांबूनच बघा. पाटी नव्हे, हारा नव्हे, मी एक जुनं डालगं आहे, कोंबड्या झाकायचं. एका अंगाला भगदाड पडलंय आणि तुटक्या कामट्या बाहेर आल्यात. हात लावाल तर बोटात काडी घुसेल, मग माझ्या नावानं ओरडू नका.

पलूसच्या बाजारात कोंडीबा बुरुडानं मला विणलं. ओल्या बांबूच्या कामट्या, अंगभर फटी. लीलाबाईनं मला डोक्यावर पालथं घालूनच घरी आणलं आणि वाटेत भेटेल तिला सांगत आली, "लय घट्ट हाय बगा. मांजराच्या बापाला हालायचं न्हाई." तेव्हापासून रोज दिवेलागणीला तिच्या कोंबड्या माझ्याखाली यायच्या, एकमेकींना ढोसायच्या, कुरकुरायच्या आणि मग गप्प व्हायच्या. किती पिल्लं माझ्या पोटात वाढली, ते मी मोजत बसलो नाही.

गेल्या पावसाळ्यात कोंबड्यांवर मानमोडीचा रोग आला. कोंबड्या माना वाकड्या करून गरागरा फिरायच्या आणि पडायच्या. बघता बघता अंगण ओस पडलं. मला पत्र्याच्या शेडात नेऊन टाकलं, माझ्यावर रिकामी पोती आली. लीलाबाई मात्र सवयीनं रोज सकाळी ओंजळीत कण्या घेऊन अंगणात यायची आणि तशीच माघारी जायची. मला ते बघवत नसे.

थंडीत घरात सून आली, संयोगिता. सांगली शहरात वाढलेली पोर. नवरा शिवतेज फौजेत, तो सुट्टी संपली तसा गेला. सासरे नाथाजी उसाला पाणी पाजायला दिवसभर मळ्यात. सासूचं ते ओंजळ घेऊन माघारी वळणं ही रोज बघायची. वैशाखात लीलाबाई लेकीच्या बाळंतपणाला पाटणला गेली, तेव्हा हिनं मनाशी ठरवलं की आत्या (सासूला ती आत्याच म्हणायची) परत येतील तेव्हा अंगण भरलेलं पाहिजे. कुणाला सांगितलं नाही. मोटारसायकलवरून पिल्लं विकणारा आला, त्याच्याकडून खोकं भरून घेतली. यंत्रात उबवलेली, आईचा पंख कधी न पाहिलेली ती चिमणी लेकरं. मला पोत्यांखालून काढलं, झटकलं, पुसलं. मित्रांनो, मी किती हरखलो म्हणून सांगू!

पण पहिल्याच दिवशी मुंगसानं माझ्या फटीत पंजा घालून एक पिल्लू ओढलं. संयोगिता काठी घेऊन धावली, तोवर ते बांधाच्या पलीकडं गेलं होतं. ती रडली. मग डोळे पुसून विचार करायला लागली, आणि तिथंच घोटाळा झाला. सासूला तिनं धान्याच्या पाट्या सारवताना बघितलं होतं. शेण आणि माती कालवून फटी बुजवायच्या, दाणा सांडत नाही, किडा शिरत नाही. तिला वाटलं, मुंगसावर हाच इलाज. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच तिनं मला आतून-बाहेरून चांगलं जाड सारवलं. एक फट ठेवली नाही. उन्हात मी वाळून खणखणीत झालो. तिनं मला पत्र्याच्या शेडात नेलं, पिल्लं आत सोडली, वर दगड ठेवला आणि समाधानानं हात धुतले.

अगं पोरी, माझ्या फटी म्हणजे त्यांचा वारा होता गं! पण हे सांगायला डालग्याला तोंड कुठलं?

दुपारचं ऊन चढलं. वरचा पत्रा तडतडायला लागला. माझ्या पोटात अंधार आणि वाफ. पिल्लांनी पंख फाकले, चोची उघडल्या, धापा टाकायला लागली. माझ्या काठाशी जमीन जराशी खोलगट होती, तिथून बोटभर उजेड यायचा. सगळी तिकडं धावली. एकमेकांवर चढली. खालची चेंगरत होती, तरी वरची फटीत चोच खुपसत होती. मी काय करणार? मला हलता आलं असतं तर स्वतःला उलथून दिलं असतं.

संयोगितानं काठ उचलून बघितलं. पिल्लं ढिगानं बसलेली. फोनवरच्या कुठल्याशा व्हिडिओत तिनं ऐकलं होतं, पिल्लं एकमेकांना चिकटली की गारठली समजावं, त्यांना ऊब द्यावी. म्हणून तिनं घरातून जाड गोधडी, आमच्याकडची वाकळ, आणली आणि माझ्यावर पांघरली. भर वैशाखात वाकळ! मित्रांनो, त्या वेळी मी तिचा जेवढा राग केला तेवढा मुंगसाचाही केला नाही. आणि तरी तिचे हात किती जपून ती वाकळ खोचत होते, तेही मला कळत होतं.

पिल्लांचा आवाज बारीक होत गेला. तिनं पुन्हा बघितलं तेव्हा दोन आडवी होती. तिनं ती हातात घेतली, फुंकर घातली, हलवली. मग फोन घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. आत्या काय म्हणतील, साधी पिल्लं जपता आली नाहीत म्हणतील, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. तिसरं पिल्लू पडलं तेव्हा तिनं फोन लावला.

"आत्या, पिल्लं मरायला लागलीत ओ."

"कसली पिल्लं गं?"

"तुमच्यासाठी आणली होती. सांगणार नव्हते. डालग्यात ठेवलीत, चांगलं सारवून घेतलं, वर वाकळ पण घातलीय, तरी..."

"सारवलंस?" लीलाबाईचा आवाज फोनमधून मला सुद्धा ऐकू आला. "आगं, ती काय जुंधळ्याची कणगी हाय व्हय? उचल आदी! उचल म्हंते न्हवं!"

दगड गडगडला, वाकळ उडाली, मी बाजूला पडलो. लीलाबाई सांगत होती, ही धावत होती. पिल्लं पदरात भरून शेवग्याच्या सावलीत नेली, पोतं ओलं करून अंथरलं, एकेकाची चोच पाण्याला लावली. काही चोची मिटल्याच नाहीत. वर कावळे जमले, घार घिरट्या घालायला लागली.

"आत्या, झाकू कशानं?"

"डालगं फोड. शेण निगत नसंल तर कामट्या तुटू देत, पन वारा जाऊ दे."

तिनं विळा घेतला आणि माझ्या अंगावर घाव घातले. माती ढासळली, कामट्या कडाकडा मोडल्या. दुखलं, खोटं कशाला बोलू. पण पहिल्यांदा आत वारा शिरला, आणि मी मनात म्हणत होतो, अजून मार, अजून फोड.

दिवेलागणीला लीलाबाई एसटीतून उतरली. लेकीला आणि तान्ह्या नातीला सोडून तडक आली होती. जगलेली मूठभर पिल्लं माझ्या मोडक्या आडोशाला होती, बाकीची संयोगितानं बांधाला पुरली होती. सासूला बघून ती उठली.

"आत्या, मी मारली त्यांना. मला बोला काय ते."

लीलाबाईनं पिल्लांकडं बघितलं नाही. सुनेच्या सुकलेल्या ओठांकडं बघितलं.

"सकाळधरनं तू पानी प्यालीस का गं?"

संयोगिताला आठवेना. लीलाबाई आत गेली, तांब्या भरून आणला आणि तिच्या हातात दिला. "बसून पी. बोलायचं ते मग बोलू." त्या तांब्यावर ती पोर अशी रडली, की मला वाटलं हिनंही दिवसभर श्वास कोंडूनच काढला असेल.

मित्रांनो, पिल्लं जरूर पाळा. त्यांना सावली द्या, गार पाणी द्या, वारा अडवू नका. काही उमजेनासं झालं तर लाजत बसू नका. तिनं थोडा आधी फोन लावला असता, तर त्या बांधाला एवढे खड्डे पडले नसते. आणि तुमच्या घरात कुणी नवं, विचारायला लाजणारं माणूस असेल, तर ते फोन करील म्हणून वाट बघू नका. तुम्हीच आधी करा.