पिवळ्या टोपीची खुंटी

“तिच्या शेजारी बस, समोर नको. आणि तोंड बंद ठेव.”

ताउनो माझा मार्गदर्शक. इस्पितळातल्या नोंदणीच्या बाईंकडे मला पहिल्यांदा पाठवताना त्याने एवढंच सांगितलं होतं. संगणकाची प्रणाली ज्यांच्यासाठी करायची, त्यांच्याजवळ आधी दिवसभर गप्प बसायचं. पुढे फिनलंडच्या पूर्वेला, योएन्सूच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले तरी मी तेच शिकवत आले. ताउनो आता नाही. माझ्या बरोबरीचेही निवृत्त होऊन आपापल्या गावी गेले.

आज माझीच जुनी विद्यार्थिनी तूली माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शनासाठी विद्यापीठाला नवी प्रणाली हवी आहे, ती तूली करते आहे. बुधवारी दुपारभर माझं दार उघडं असतं. न सांगता कुणीही यावं. ही दुपार ठेवायची की बंद करायची, ते तूली आज जे पाहील त्यावर ठरणार होतं.

तिने लोण्याचा बन पुढे केला. मी तो हलकेच बाजूला सरकवला.

“अगो बाई, बुधवार! तुमच्या ऑर्थोडॉक्स चर्चचा उपास, लोणी चालत नाही. इतकी वर्षं झाली तरी मी विसरते.”

“तू खा. बघणाऱ्याने उपाशी राहू नये.”

“बघणाऱ्याने बोलूही नये, हे कुणी शिकवलं मला?”

आम्ही हसलो. मग बराच वेळ कुणीच आलं नाही. पावलं वाजायची, दारापाशी यायची आणि पुढे जायची. एक मुलगा डोकावला.

“प्रिंटर कुठंय?”

“डावीकडे, शेवटी.”

तो गेल्यावर तूली पुटपुटली, “हा धरू का मोजायला?”

“नको गं.”

खिडकीबाहेर बर्फावरचा उजेड निळा पडत गेला. पाहुण्यांसाठी मांडलेले कप पालथेच होते.

“इर्या,” तूली म्हणाली, “तू दाराकडे बघतच नाहीस. सारखी त्या खुंटीकडे बघतेस.”

शेजारी बसलेल्यालाच असलं दिसतं.

“कीएलोची आहे ती. पहिल्या वर्षाला आहे. आली की पिवळी टोपी तिथे अडकवायची. फारसं बोलायची नाही, नुसती बसायची. पानगळ संपली आणि यायची थांबली.”

“तिला संदेश गेले असतील ना?”

“गेले. तिने उघडलेसुद्धा. त्यामुळे सध्याच्या प्रणालीच्या लेखी सगळं ठीक आहे.”

रोज सकाळी घरी येशूच्या मूर्तिचित्रापुढे दिवा लावते आणि माझ्या विद्यार्थ्यांची नावं घेते. कीएलोच्या नावापाशी हल्ली जीभ अडते.

“तू आली नाहीस तर मी येईन, असा शब्द दिलाय तिला,” मी म्हणाले आणि उठले.

“आत्ता? अगं, उद्या जा! मला लिहावं लागेल, ठरल्या वेळी प्राध्यापक जागेवर नव्हत्या. वरचे लोक तेवढंच वाचतील.”

“जे दिसलं ते लिही.”

“आणि ही दुपार गेली तर? मग तुझ्याकडे कोण येणार?”

मी कोट चढवला. मघाशी बाजूला सरकवलेला बन कागदात गुंडाळून खिशात ठेवला. कीएलोला काही उपास नाही.

तूलीने पेन उचललं, पण लिहिलं काहीच नाही. “पुलावर घसरण आहे,” ती म्हणाली. “जपून जा.”

मी दार ओढून घेतलं आणि नदीपलीकडच्या वसतिगृहाकडे चालू लागले.