नोंदवहीबाहेरची रांग

सकाळी साडेदहापर्यंत सरकारी दवाखान्यात चिटपाखरूही फिरकलं नव्हतं. सिस्टरच्या जिवाची नुसती घालमेल चालली होती. मासळीच्या कारखान्यामागच्या वस्तीत गोवर निघाला होता. तिथली माणसं चोरवाटेने सीमा ओलांडून आलेली, कुणाकडेच कागद नाहीत. गणवेश दिसला की दारं बंद. म्हणून सिस्टर तीन दिवस साध्या कपड्यांत घरोघर फिरली होती. "नाव विचारणार नाही, फक्त पोरं लसीला आणा," एवढंच सांगून तिचा घसा बसला होता.

अकराला शिपाईमावशी धावतच आत आली. "सिस्टर, बाहेर बघा तरी."

फाटकाबाहेर कडेवर, पाठीवर, बोटाला धरून पोरंच पोरं! सिस्टरच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बाह्या सरसावून ती कामाला लागली.

दीड तासात शीतपेटीत चौदा डोस उरले आणि रांग अजून वळणापर्यंत होती. त्याच रांगेत निवृत्त पोस्टमास्तर नातीला घेऊन उभे होते. सिस्टर बाहेर येताच त्यांनी तोंडाचा पट्टा सोडला.

"जन्मभर कर भरला मी. आता नातीच्या पाळीला लस संपणार?"

"तुमचं चुकत नाही, काका. लस येते ती नोंदवहीतल्या मुलांपुरती. ही मुलं वहीत नाहीत. पण त्यांना तसंच परत पाठवलं, तर गोवर आठवड्यात आपल्या शाळेत."

"मग जास्त मागवा की."

सिस्टरने औषध भांडारात फोन लावला. तिथले साहेब म्हणाले, "गाडी एकला सुटते. त्याआधी नक्की आकडा द्या. अंदाजावर मी काही देत नाही."

घड्याळात पाऊण वाजत आला होता. सिस्टरने यादीसाठी वही उघडली मात्र, रांगेत कुजबुज सुरू झाली. एक बाई बाळाला पदराखाली घेऊन मागे वळली, तिच्यामागून आणखी दोघी.

पोस्टमास्तरांनी ते पाहिलं. "ती वही मिटा आधी," ते म्हणाले. "नावं हवीत कशाला? डोकी मोजू."

त्यांनी जुन्या कॅलेंडरची पानं टराटरा फाडली आणि चिठ्ठ्यांवर नुसते आकडे टाकत सुटले. प्रत्येक पोराच्या मुठीत एक चिठ्ठी. वळलेल्या बाईपुढेही त्यांनी चिठ्ठी धरली. "पोरी, यावर आकड्याशिवाय काही नाही. बघ उलटून." तिने उलटून पाहिली आणि ती परत रांगेत शिरली.

"आपला नंबर पहिला ना, आजोबा?" नातीने विचारलं.

"अडतीस. उभी आहेस तिथलाच."

एक वाजायला चार मिनिटं कमी असताना सिस्टरने फोनवर आकडा सांगितला, "एकसष्ट डोकी, चौदा डोस हातात. सत्तेचाळीस पाठवा!" हातातले चौदा डोस संपले तरी रांगेतलं कुणी हललं नाही. अडीचला गाडी फाटकात वळली तेव्हा शिपाईमावशीने चक्क टाळ्या पिटल्या. पावणेपाचला शेवटचं पोर भोकाड पसरून बाहेर पडलं.

पोस्टमास्तर मात्र बाकावर बसून अर्ज खरडत होते.

"तक्रार का, काका?"

"मग सोडतो की काय? यांना कागद द्यायचे की परत पाठवायचं, ते सरकारने ठरवावं. पण तोवर माणसं दुप्पट आणि सिस्टर एकच, हे चालणार नाही. लस, औषधं, कर्मचारी, सगळं खऱ्या डोक्यांप्रमाणे हवं."

सिस्टरने अर्ज वाचला आणि खाली झोकात सही ठोकली. मग पेन शिपाईमावशीने ओढून घेतलं.