पत्त्यांना अस्तर

माझ्या सुनेने माझ्या कापडाच्या कात्रीने पुठ्ठा कापला. शिंप्याच्या घरात याच्यापुढे दुसरा गुन्हा नाही. कापडाची कात्री एकदा कागदाला लागली की तिची धार जाते, मग ती कापड कापत नाही, चावते. आमच्या घरातलं रांगतं पोरही त्या कात्रीला हात लावताना माझ्याकडे बघतं. आणि ही चांगली शिकलेली बाई भर दुपारी माझ्या कापायच्या टेबलाशी बसून, शर्टाच्या घडीत घालायचे पुठ्ठे करकर कापत होती. आतल्या खोलीत माझे दात शिरशिरले, म्हणून मी बाहेर आले.

"काय चाललंय हे?"

"पत्ते करतेय, आई."

"पत्ते? दुकान चालत नाही म्हणून आता जुगाराचा अड्डा काढायचाय का?"

"अक्षरांचे पत्ते. बटणसाठी."

बटण म्हणजे माझी नात. जन्मली तेव्हा एवढीशी आणि गोल होती, तेव्हापासून बटण. तिचं नाव काढलं की माझं तोंड बंद होतं, हे सुनेला ठाऊक आहे, म्हणून तिने ते काढलं.

गोष्ट अशी होती. बटण दुसरीत गेली आणि तिच्या बाईंच्या लक्षात आलं की पोरगी वाचत नाही. पुस्तक समोर धरलं की घडाघडा म्हणते, पण बोट एका ओळीवर आणि तोंड भलत्याच ओळीवर. सगळं पाठ. चित्र बघायचं आणि ऐकलेलं म्हणायचं. शाळेच्या मोठ्या बाईंनी सुनेला फाटकाशी थांबवून सांगितलं, महिनाअखेर मी स्वतः तिला न पाहिलेलं पान वाचायला देईन. वाचलं तर ठीक, नाहीतर परत पहिलीत बसवावं लागेल. आणि हे सांगताना पोरगी आईचा हात धरून तिथेच उभी. मोठ्या माणसांना वाटतं, मुलांचे कान घरी ठेवलेले असतात.

त्या दिवसापासून बटण फ्रॉकची कॉलर चघळायला लागली. शाळेतून आली की कॉलरची दोन्ही टोकं ओलीचिंब. मी दोन फ्रॉकच्या कॉलरी उसवून नव्या लावल्या, त्याही चघळून दोऱ्यावर आणल्या. रागावले नाही. फक्त एकदा विचारलं, "काय गं, उपाशी ठेवतो का तुला?"

तर म्हणाली, "आजी, पहिलीतली बाकं छोटी आहेत. माझे गुडघे लागतील."

त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाच्या कोटाची उजवी बाही डावीकडे लावली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तर ते पत्ते. सुनेने एकेका पुठ्ठ्यावर जाड शाईने एकेक अक्षर काढलं. काना, मात्रा, वेलांटी यांच्या वेगळ्या बारीक पट्ट्या. मी म्हटलं, "चित्रं कुठे आहेत? कमळाचं चित्र काढ, त्याच्याखाली क लिही. आम्ही तसंच शिकलो."

"तिथेच तर गाडी अडते ना, आई. कमळ शब्द समोर आला की ती म्हणते, कमळाचा क, मगराचा म. मग शब्द कधी व्हायचा? कमळ नको, मगर नको. नुसता आवाज. क. म. दोन आवाज शेजारी ठेवायचे आणि एका दमात म्हणायचे."

"मग आम्ही काय बिघडलो?"

"तुम्ही किती वर्षं शाळेत गेलात?"

"तुझ्या सासऱ्यांचं दुकान सांभाळता येईल, तेवढी गेले," म्हणून मी विषय संपवला. दुसरीपर्यंत गेले हे तिला माहीत आहे, मुद्दाम विचारते.

खेळ असा. सगळे पत्ते टेबलावर पालथे मांडायचे. एक उचलायचा, उलटायचा, आवाज म्हणायचा. बरोबर आला तर पत्ता आपला. पुढचा खेळ, दोन पत्ते उचलायचे आणि आवाज जोडायचे. शब्द झाला तर दोन्ही आपले, अर्थ नसलेलं काही झालं तर सगळ्यांनी हसायचं. मी कात्रीवर नजर ठेवायची म्हणून जवळ बसले, आणि दुसऱ्या डावापासून मलाही पत्ते वाटायला लागले.

पण पुठ्ठे पातळ. शाई मागे उतरायची, म्हणजे पालथा पत्तासुद्धा अक्षर सांगून टाकायचा. कोपरे वळायचे. मी म्हटलं, "हे असलं उघड्या पाठीचं काम या घरातून बाहेर जात नाही. अस्तर लागेल."

"पत्त्यांना अस्तर?" सून हसली.

"हसू नको. ज्याला अस्तर नाही त्याला आकार नाही."

चिंध्यांची पिशवी उलटी केली, खळ शिजवली आणि प्रत्येक पत्त्याच्या पाठीला कापडाचा तुकडा चिकटवला. एवढे सगळे पत्ते एका तुकड्यात बसणार कुठून? कुणाला डॉक्टरीणबाईंच्या पडद्यातली निळी फुलं, कुणाला गणवेशाचा चौकडा, कुणाला हिरवी मखमल, कुणाला अंथरुणाचा जाडाभरडा पट्टा. वजन ठेवून वाळवले. दुसऱ्या दिवशी पत्ते असे ताठ आणि देखणे झाले की गिऱ्हाइकं हातात घेऊन बघायला लागली.

आणि चमत्कार झाला. आठवडा होतो न होतो तोच बटण जिंकायला लागली. पत्ता उचलायचा अवकाश, आवाज तयार. म. क. र. सुनेला हरवायची, मला तर केव्हाच हरवलं. माझा मुलगा मशीनवर बसून येईल त्याला सांगायचा, "पोरगी आता वर्तमानपत्र वाचेल बघा." सुनेच्या चेहऱ्यावर रंग आला. ती कामं करताना गुणगुणायला लागली.

मी काही गुणगुणले नाही. कपडे धुवायला काढताना माझ्या हाताला बटणच्या कॉलरी लागत होत्या, आणि त्या अजून ओल्याच होत्या. जिंकणाऱ्या पोरीची कॉलर ओली का? हे मी कुणाला बोलले नाही. बोलले असते तर मुलगा म्हणाला असता, आई, तुला कुठे सुख बघवतं.

मग एका दुपारी सून पाणी भरायला आत गेली आणि बटण म्हणाली, "आजी, आपण दोघी खेळू." पत्ते पालथे मांडले. ती हात फिरवत होती, आणि एका पत्त्यावर हात थांबला. उलटायच्या आधी तिच्या ओठांनी "म" केला. मग उलटला. "म," मोठ्याने.

माणसाचं लक्ष अक्षराकडे जातं, शिंप्याचं आधी कापडाकडे. त्या पत्त्याच्या पाठीवर डॉक्टरीणबाईंची निळी फुलं होती.

मी दुसरा पत्ता उचलला आणि हातात असा धरला की अक्षर तिच्याकडे, पाठ माझ्याकडे. "हा कोण?"

ती अक्षराकडे बघत राहिली. मग मान वाकडी करून माझ्या बोटांच्या मागे डोकवायला लागली. "मागून दाखव ना, आजी."

मी खडू घेतला, टेबलावरच्या काळ्या कापडावर मोठा म काढला. तिच्या कॉलरचं टोक तोंडात गेलं. मग मी चिंध्यांच्या पिशवीतून निळ्या फुलांचा उरलेला तुकडा काढून नुसता समोर धरला.

"म," पोरगी ताबडतोब म्हणाली.

मखमल धरली. "र." चौकडा धरला. "क." सगळी बाराखडी माझ्या चिंध्यांत पाठ करून बसली होती. आणि तिला ते कळत होतं, हे तिच्या डोळ्यांत दिसलं. "आईला सांगू नको," ती म्हणाली. "ती आता गाणं म्हणते."

महिनाअखेर अगदी दाराशी आलेली. मोठ्या बाईंच्या पुस्तकाला मागून कुणी निळी फुलं लावून ठेवली नव्हती. मला क्षणभर वाटलं, गप्प बसावं. मग वाटलं, गप्प बसून गुडघे कुणाचे लागणार आहेत?

सून बाहेर आली तशी मी सांगून टाकलं. "तुझी मुलगी पत्त्याचं तोंड बघत नाही, पाठ बघते." आणि करून दाखवलं, चिंधी आणि खडू दोन्ही.

सुनेने हातातली कळशी खाली ठेवली. तिचा चेहरा असा उतरला की मला इस्त्रीतून निखारा पडल्यासारखं झालं. हळूच म्हणाली, "आई, अस्तर तुम्ही लावलंत."

"लावलं. आणि चांगलं लावलं. वाईट लावलं असतं तर ओळखता आलं असतं का?"

ती हसेल असं मला वाटलं होतं. हसली नाही. खुर्चीवर बसली आणि चिंध्या एकेक करून बघायला लागली. मग तिने निळी फुलं आणि हिरवी मखमल शेजारी ठेवली आणि बटणला विचारलं, "हे दोन जोडून काय होतं?"

"मर," बटण पुटपुटली. "शब्द नाही चांगला."

सुनेने मखमल उचलून पुढे ठेवली, फुलं मागे. "आणि आता?"

"रम. हा पण काही नाही."

"आई," सून माझ्याकडे वळली, आणि आता तिचा आवाज वेगळा होता. "तिला जोडता येतंय. आवाज तिच्या कानात बसलेत. फक्त आकार बसायचाय डोळ्यांत. सगळं वाया नाही गेलं."

"मग आकारच कापडाचा कर," मी म्हटलं. बोलून गेले आणि मग मलाच कळलं काय बोलले.

अस्तराचं राखाडी कापड घेतलं, एकाच ताग्यातलं, आणि सगळ्या पत्त्यांच्या पाठी सारख्या केल्या. मग निळ्या फुलांतून म कापला आणि पत्त्याच्या तोंडावर चिकटवला. मखमलीतून र. चौकड्यातून क. कापड होतं म्हणून माझ्या दुसऱ्या, चांगल्या कात्रीने कापले. बटण शेजारी उभी. म कसा कापतात? इथून खाली, इथे वळण, इथे गाठ. तिने बोट फिरवून बघितलं. मग ओळखलेली अक्षरं सून काळ्या शाईने नव्या पुठ्ठ्यावर काढायची, कापड नाही, काही नाही. काही जमायची. काही नाही जमायची. ळ आणि ब तर बटणला दिसले की तोंड फिरवायची. परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा ब ला व म्हणाली. सुनेचं गाणं बंद झालं होतं.

परीक्षेच्या दिवशी मुलगा दुकानात थांबला, आम्ही दोघी शाळेत गेलो. मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर लाकडी बाक होता. दार अर्धं उघडं. मी सांगितलं, "तू बघू नको." ती बघत होती. मीही.

मोठ्या बाईंनी कपाटातून पुस्तक काढलं, मधलंच पान उघडलं. "वाच."

भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं. सुनेने माझं मनगट धरलं, आणि तिची पकड अशी की बांगडी रुतली. मी सोडवलं नाही.

"मा," आतून आलं. मग थांबली. "मा... ळी. माळी."

मी श्वास सोडला तेवढ्यात पुन्हा शांतता. पुढचं अक्षर कुठलं हे मला त्या शांततेवरून कळलं. दारातून पोरीचं बोट दिसत होतं. तिने ते पानावर ठेवलं आणि अक्षराच्या कडेकडेने सावकाश फिरवायला लागली.

"बोट का फिरवतेस गं?" मोठ्या बाई.

"कापतेय," बटण म्हणाली. "ब. बा. बागेत. माळी बागेत आला."

मोठ्या बाईंनी आणखी दोन ओळी वाचायला लावल्या. एका शब्दाला ती अडली ती अडलीच, तो बाईंनी सांगितला. मग बाई बाहेर आल्या. "हळू वाचते. बोट सुटायला वेळ लागेल. पण स्वतः वाचते. बसू दे तिच्याच वर्गात."

"बरं," मी म्हटलं.

बटण बाहेर आली. मी आधी कॉलर बघितली. एक टोक ओलं, एक कोरडं. ठीक आहे.

घरी जाताना पोरगी पुढे, दुकानांच्या पाट्यांशी थांबत, बोट हवेत फिरवत. सून माझ्या शेजारून चालत होती आणि डोळे पुसत होती आणि मला दिसू नये म्हणून दुसरीकडे बघत होती. कोपऱ्यावर धार लावणाऱ्याचं दुकान लागलं. ती थांबली. "आई, तुमची कात्री इथे टाकू या का? मी बिघडवली ती?"

"नको," मी म्हटलं. "माझी कात्री तू बाद केलीस, हे मी मरेपर्यंत म्हणणार, आणि तू ऐकून घ्यायचं. कापडाला ती आता माझ्या हयातीत लागणार नाही. ती पुठ्ठ्याची कात्री. तुझी. अजून जोडाक्षरं राहिलीत, ती काप. आणि अस्तर लावायच्या आधी मला विचार."