बिटाचा रंग

प्रांजलीने उकडलेलं बीट वाटीत कुस्करलं, वर चिमूटभर हळद घातली आणि वाटी सासऱ्यांच्या हातात दिली. बोटं लालभडक झाली होती. नळाला पाणी आठव्या दिवशी, म्हणून तिने ती ओल्या फडक्यालाच पुसली.

सासऱ्यांच्या, म्हणजे केरबांच्या, आतड्याला सूज होती, जखमा होत्या. वर्षात दोनदा शौचावाटे रक्त पडून ते दवाखान्यात पडले होते. आधीच पाण्याची बोंब, त्यात हे म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. शेवटी क्रांती चौकातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी रिपोर्ट बघून खास त्यांच्यापुरता तक्ता करून दिला. डाळिंबाचा रस, भोपळा, रोज एक बीट. यातली अँटिऑक्सिडंट गोळ्यांच्या जोडीला उपयोगी पडतील, म्हणाल्या. बिटाने शौचाला लाल होईल, घाबरू नका, हेही सांगितलं.

सुनेने सासऱ्याला असलं विचारायचं म्हणजे संकटच. पण सासूबाई वारल्यावर दुसरं विचारणार तरी कोण? प्रांजली रोज सकाळी भिंतीकडे बघून विचारायची.

"मामा, आज?"

"लालच हाय. बिटाचं."

पंधरा दिवस हेच उत्तर. मामांचं धोतर कमरेवर ठरत नव्हतं. पण या उन्हात कोणाचं अंग धरतंय, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

आजही तेच ऐकून, वाटी देऊन ती वळली, तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. दुर्बिणीच्या तपासणीला उद्या येताय का, नर्स विचारत होती.

"रक्त पडतंय का त्यांना?"

"नाही हो. बिटाचा रंग आहे तो. पुढच्या महिन्यात येतो."

फोन ठेवून तिला हायसं वाटलं. वाटी न्यायला ती मागच्या दारी गेली. पूर्वी इथून थेट शहरालगतच्या साताऱ्याच्या डोंगरापर्यंत केरबांची मेंढरं चरत. आता सगळीकडे प्लॉटांचे दगड रोवलेले, चाऱ्याची काडी नाही. कळप केव्हाच गेला; उरली ती एक पांढरी, गाभण शेळी.

केरबा तिच्यापुढे उकिडवे बसले होते. एक हात पोटाशी दाबलेला, दुसऱ्या हातात वाटी. शेळी वाटी चाटत होती. तिची दाढी लाल झाली होती.

प्रांजली उंबऱ्यातच थांबली.

"रोज हिलाच देता?"

केरबांनी मान वर केली नाही.

"जितराब उपाशी ठिवून आपण कसं खावं, पोरी? आमच्यात आधी त्यायचं, मंग आपलं."

"मग ते लाल..."

त्यांनी शेळीच्या फुगलेल्या पोटावरून हात फिरवला.

"चार-आठ दिसांत व्याईल ही. मंग जाऊ की दवाखान्यात."

प्रांजलीने फोन काढला. घाईत नर्सचा नंबर सापडेना. भिंतीला धरून उठू पाहणारे केरबा अर्ध्यातच पुन्हा खाली बसले.