एका कानाचा वाघ, दोन घरच्या बैठकी

मी बोलून राहिलो, बापूजींचा कॅमेरा. पांढुर्णा-सौंसर भागात माझ्याएवढा खानदानी कॅमेरा दुसरा नाही. राजाचा फोटो काढलाय मी! आता तो राजा रामलीलेतला होता आणि ऐन वेळी त्याची अर्धी मिशी गळून पडली, हे दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच सांगून टाकतो.

सध्या मुक्काम सौंसरला, बापूजींच्या लोखंडी अलमारीवर. तीन पायांतला एक लुळा झालाय. भात्याला झुरळांनी भोकं पाडलीत. म्हातारपणी पोटात काही राहत नाही, म्हणून बोलतो.

बापूजींच्या वडिलांनी मला छिंदवाड्याच्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतलं. मालगुजारी होती तोवर मी नुसता शोभेला. मग मालगुजारी गेली, घोडा गेला. उरले बापूजी, त्यांचा बंद गळ्याचा कोट आणि मी. बापूजी फोटो काढू लागले. माणसांचे काढत, माणसांच्या बैठकीच्या खोल्यांचेही काढत. त्याला धंदा मात्र म्हणायचं नाही. "आम्ही बोलावलं तरच जातो," म्हणायचे. न बोलावताही जायचे.

माझा स्वभाव संशयी, पण दोष माझा नाही. माझ्या पोटात माणूस उलटा दिसतो, डोकं खाली, पाय वर. असा माणूस पाहिला की याच्या खिशातून काय काय पडेल, हेच मनात येतं. आणि फोटोला बसणारा जो तो दुसऱ्याचं काहीतरी अंगावर घालून बसतो. शेजारणीची पोत, साडभावाचं घड्याळ.

आमच्याकडे सोयरीक जुळवताना पोरापोरीच्या फोटोसोबत घरच्या बैठकीचाही फोटो धाडत. तिथं बापूजींनी कडी केली. त्यांच्याकडे वाघाचं एक मुंडकं होतं, भुसा भरलेलं, डावा कान नसलेलं. ते बैलबंडीत कडब्याखाली लपवून घरोघर न्यायचं, खिळा ठोकून टांगायचं, फोटो काढायचा, वाघ परत कडब्याखाली. घरधन्याला ताकीद, "कोणी विचारलं तर तुमच्या आजोबांनी मारला." मोहगावपासून लोधीखेड्यापर्यंत इतक्या आजोबांनी तो एकच वाघ मारला की वाघाचीच कीव यावी.

चौऱ्याऐंशी साली, संत्र्याच्या दिवसांत, घोटाळा झाला. पांढुर्ण्याच्या दादारावांची विजयमाला आणि सौंसरच्या रामाजींचा सुधाकर. पोरापोरीनं एकमेकांना पसंत केलेलं. दोन्ही बैठकींचे फोटो आमचेच. ते इकडचे तिकडे गेले आणि दोन्ही बापांनी वाघ ओळखला. दोघंही गप्प! समोरच्याला खोटं म्हणायचं तर आधी आपला वाघ उसना म्हणावा लागतो. मनात मात्र दोघंही कुढून राहिले होते. वाघ उसना, तर या घरात आणखी काय काय उसनं?

साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, कार्यक्रम दादारावांकडे होता. फोटोला बापूजी आणि मी. रामाजी दादारावांच्या बैठकीचा फोटो आणि आपल्या फोटोची दुसरी प्रत खिशात घालूनच आले होते. बैठकीत बसले आणि रिकाम्या खिळ्याकडे पाहत राहिले.

"वाघ कुठी गेला जी?"

"दुरुस्तीले धाडला नागपूरले," दादाराव म्हणाले. "तुमचा बरा हाय ना?"

"आमचाबी दुरुस्तीलेच हाय."

"कान बसवाले?"

"हो. डावा."

"आमचाबी डावाच."

रामाजींनी पोह्यांची बशी खाली ठेवली. दोन्ही फोटो काढून पाटावर शेजारी शेजारी मांडले. "ज्या घरचा वाघ असा, त्या घरच्या पोरीची मॅट्रिकबी तशीच असन."

"अन् तुमच्या पोराची मास्तरकी पाहाले कोन गेलं व्हतं?"

रामाजींनी टोपी चढवली. "चाल रे सुधाकर!"

सुधाकर उठला नाही. आतल्या दारात विजयमाला उभी होती. मला ती उलटी दिसत होती. तिचे आसू खालून वर चढत होते.

बापूजी माझ्यामागे काळ्या फडक्यात शिरलेले. लोकांना वाटलं, फोटो जमवून राहिले. ते लपून बसले होते, हे मलाच ठाऊक. एक शब्द बोलले तर सोयरीक वाचत होती. पण मग मोहगाव ते लोधीखेडा एकही दार आम्हाला उघडलं नसतं. त्यांचा श्वास माझ्या पाठीला गरम लागत होता. हा माणूस आता मला टाकून मागच्या दारानं पळतो, अशी माझी खात्रीच होती.

फडकं बाजूला झालं.

"वाघ आमचा आहे," बापूजी म्हणाले. "दोन्ही घरी आम्हीच टांगला. यांनी मागितला नव्हता, आम्हीच गळ घातली."

मग रामाजींनी टोपी काढली.

"म्हन्जे तुमच्याकडं नाही अन् आमच्याकडंबी नाही?"

"नाही ना," दादाराव म्हणाले.

"मंग बसा ना इवाई! बरोबरीचं सोयरं पाहून राहिलो व्हतो, भेटलं." रामाजींनी होणाऱ्या व्याह्याला हात धरून शेजारी बसवलं.

विजयमालाला कुंकू लागलं. मला मात्र त्यानंतर कोणी बोलावलं नाही. अलमारीवर चढलो तो कायमचा. माझी एकच विनंती आहे. कोणाच्या फोटोत ऐटबाज बैठक दिसली तर संशय खुशाल घ्या, पण हसू नका. मोठ्यानं तरी नको.

बापूजी त्या दिवशी तेवढं बोलूनच थांबले असते तर बरं झालं असतं. पण खानदानी माणूस! कोटाची गुंडी लावून म्हणाले, "वाघ उसना दिला, पण शिकार खरी. आमच्या आजोबांनी मारला, एका गोळीत."

दादारावांची आई देवकाबाई कोपऱ्यात सुपारी कातरत होती. वाघ टांगला तेव्हा ती लेकीकडे लोधीखेड्याला होती, त्यामुळे हे सगळं तिला नवंच. तिनं पाटावरचा फोटो उचलून डोळ्यांशी धरला.

"तुमच्या आजोबानं? माहा बाप वाघ उठवनाऱ्या हाकाऱ्यात व्हता, बापूजी. वाघ त्यानं कुऱ्हाडीनं पाडला, हा डावा कान त्याच घावात गेला, अन् तुमच्या आजोबाले झाडावरून उतरवाले तोच वर चढला. आता तुमीच सांगा, हा वाघ कोनाच्या भिंतीवर टांगाचा?"