कुंडलिकच्या नावाची फिल्म

"अजून दोन वर्सं? आन् कशाला, तर नुसतं फोटो बघायला?" भिमाजीनं कप खाली ठेवत विचारलं.

"मेंदूचे आणि मणक्याचे, नाना," वृषाली म्हणाली. "एमडीला सगळ्या अंगाचे शिकले. हे तेवढंच, पण मुळापासून. मुंबईच्या हॉस्पिटलात एकच जागा होती, ती मला मिळालीय. सोमवारी हजर व्हायचंय."

पोरगी आधी डॉक्टर झाली, मग तीन वर्षं घालवून एमडी झाली, तरी हिचं शिकणं काही संपेना. शेजारचा कुंडलिक तर पंधरा दिवसांमागं तोंडावरच म्हणाला होता, "भिमाजीभाऊ, तुमची डॉक्टरीन सुई टोचत न्हाई, गोळी देत न्हाई, अंधाऱ्या खोलीत फोटो बघत बसती म्हनं. नापास तर झाली न्हाई ना?" तेव्हापासून भिमाजीच्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती. नापास झाली असेल, नाहीतर मुंबईत कुणीतरी असेल. इकडे आळे गावचं सोन्यासारखं स्थळ खोळंबलं होतं. पोरीला मुंबईला धाडायचं की आळ्याला होकार कळवायचा, हे आता त्यालाच ठरवायचं होतं.

संशय घ्यावा तर भिमाजीनंच. विहीर खणायच्या वेळी तळहातावर आडवा नारळ घेऊन, तो उभा राहील तिथं पाणी सांगणारा पाणाड्या आला होता, तर ह्या गड्यानं त्याला आधी एका बुजवलेल्या जुन्या विहिरीवरून चालवलं. खाली पाणी होतं, हे फक्त भिमाजीला ठाऊक. नारळ काही उभा राहिला नाही. भिमाजीनं पाणाड्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

पोरीचीही परीक्षा त्यानं तशीच घ्यायची ठरवली होती, आणि त्यासाठी लागणारी वस्तू त्याच्याकडे होती. गेला महिनाभर त्याचं डोकं ठणकत होतं, डाव्या हातातून कधी तांब्या निसटे, कधी विळा. घरात त्यानं अवाक्षर काढलं नव्हतं. आळेफाट्याच्या डॉक्टरनं पुण्याला जाऊन डोक्याचा एमआरआय काढायला सांगितला, तेव्हा तिथल्या खिडकीवर त्यानं स्वतःच्या नावाऐवजी बेधडक कुंडलिकचं नाव ठोकून दिलं. बापाचा फोटो म्हटल्यावर पोरगी तोंड बघून बोलणार, मग तिची विद्या कळायची कशी? सोबतचा इंग्रजी रिपोर्ट त्यानं कुणाला दाखवलासुद्धा नाही. घरी आला आणि बाजरीच्या कणगीत खोल खुपसून मोकळा झाला.

आता त्यानं आतून फिल्म आणली आणि पोरीपुढं धरली.

"कुंडलिकच्या डोस्क्याचा फोटो हाय. त्याला काय व्हतंय, ते तूच सांग. मी कायबी सांगनार न्हाई."

वृषाली हसत उठली. दारातल्या उन्हात तिनं फिल्म धरली आणि बघता बघता तिचं हसू मावळलं. तिनं सगळे चौकोन पुन्हा एकदा पाहिले.

"कुंडलिककाकांच्या डाव्या हातातून वस्तू पडतात का?"

भिमाजीनं आपला डावा हात हळूच पाठीमागं घेतला. नारळ उभा राहिला होता.

"ह्यात हात कुठं दिसतोय?"

"हात नाही दिसत. हात चालवणारी मेंदूतली जागा दिसते. उजवीकडं गाठ आहे, नाना. डावा हात त्या बाजूच्या ताब्यात असतो."

"काढता येती का गाठ?"

वृषालीनं फिल्म खाली घेतली. "तेच मला नक्की सांगता येत नाही. ती जागा गाठीनं नुसती रेटलीय की आतून पोखरलीय, हे ऑपरेशनच्या आधी कळावं लागतं. चुकलं तर माणूस लुळा होऊन उठतो. ज्यांना हे सांगता येतं, त्यांच्या हाताखाली शिकायला चाललेय मी. काकांना याच आठवड्यात मुंबईला आणा. उशीर नको."

"आनतो. पर त्याच्याशी काय बोलू नगंस. बिचकंल."

भिमाजीला भीती वाटली आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदमच. पोरीवर संशय घेतल्याची लाजही वाटली. खरं सांगावं असं ओठांवर आलं होतं. पण सांगितलं तर पोरगी हातची जागा सोडून उशाशी येऊन बसणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आधी ती हजर होऊ दे, मग बघू, असं म्हणून त्यानं गिळून टाकलं. स्वयंपाकघरात डोकावून त्यानं बायकोला, बयाबाईला, एवढंच सांगितलं, "आळ्याला न्हाई म्हनून कळवायचं. पोरगी शिकतीया."

रविवारी सकाळी कुंडलिकनं आपल्या टेम्पोतून बापलेकीला आळेफाट्यावर आणलं. मुंबईची एसटी लागलेलीच होती. वृषाली जागा धरून बसली. तिची जड बॅग कुंडलिकनं एकट्या डाव्या हातानं उचलली, वरच्या फळीवर सारली आणि उजव्या हातानं मिशीवरचा घाम पुसला.

वृषाली त्याच्या हाताकडं बघतच राहिली.

"काका, तुमचं डोकं दुखतं का?"

"माजं? मी दुसऱ्यांची दुखवतो, ताई!"

तिनं खिडकीतून खाली पाहिलं. बाप दाराशी उभा होता, डावा हात खिशात घालून. सकाळपासून तो हात तिथंच होता. ती खाली उतरली, मागोमाग कुंडलिकही.

"नाना, हात बाहेर काढा."

"आगं, गाडी सुटंल."

"काढा. माझी बोटं दाबा."

भिमाजीनं जीव खाऊन दाबली. बोटं नीट मिटलीच नाहीत. वृषाली रागावली नाही, रडलीही नाही. तिनं फक्त दाराकडं बोट केलं. "चढा गाडीत."

"आगं, कापडं न्हाईत, तुज्या आईला ठावं न्हाई..."

"मी सांगतो वयनीला," कुंडलिक म्हणाला. त्याला काहीएक कळलं नव्हतं, पण त्यानं भिमाजीला कमरेला धरून पायरीवर चढवलं.

"दोन मुंबई," वृषालीनं कंडक्टरला सांगितलं.

ओतूर गेलं, मढ गेलं. घाटाच्या तोंडाशी भिमाजी हळूच तिच्याकडं वळला.

"तुजे ते सर. लई शिकल्यालं हायेत म्हनतीस?"

"हो, नाना."

"मग त्यास्नी कुठला हात ते आदी सांगू नगंस. वळकत्यात का बघू."

वृषाली हसायला गेली, पण हसू काही आलं नाही. "बरं," ती म्हणाली. तिनं बापाचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि घाट उतरेपर्यंत सोडला नाही.