तिरक्या टेबलाची जागा

मित्रांनो, मी एक जुनं सागवानी टेबल आहे. रुग्णवाहिकांच्या कार्यालयात, फोनच्या खोलीत, मी बावीस वर्षं तिरकं उभं आहे. "हे काय कुणी झोपेत ठेवलंय?" असं म्हणून येणारा-जाणारा हसायचा. हसा बापड्यांनो! सुतारकाकांनी मला मुद्दाम तसं ठेवलं होतं, ताईंच्या सांगण्यावरून.

ताई माझ्यापाशी बसून फोन घेतात. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. नोकरी जाईल या धास्तीने त्यांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. उजव्या कानाला फोन लावला, की खोलीतलं काही कळत नसे. पण मी तिरकं असल्यामुळे, बाहेर गाडीपाशी थांबणाऱ्या ड्रायव्हरमामांची खिडकी त्यांना समोर दिसे. ताई पत्ता मोठ्याने म्हणत, मामा खिडकीतून भुवया उडवून "कुठली वसाहत?" असं विचारत आणि ताई बोटं दाखवत. एक बोट म्हणजे जुनी वसाहत, दोन म्हणजे नवी. गल्ल्यांचे नंबर दोन्हीकडे सारखेच, काय करणार! मामांना वाटे, फोन चालू असताना मध्ये बोललेलं ताईंना खपत नाही.

मग खोली नवी करायला आराखडेवाल्या बाई आल्या. त्यांनी भिंती मोजल्या, खिडक्या मोजल्या, मलाही मोजलं. ताईंना मात्र चकार शब्द विचारला नाही. "सगळी टेबलं एका ओळीत!" असं म्हणून त्यांनी मला भिंतीकडे वळवलं. खिडकी ताईंच्या पाठीमागे गेली. नोकरीच्या धास्तीने ताईंनी नुसती मान डोलावली. अहो ताई, बोला की! पण माझं लाकडाचं कोण ऐकतो?

दुसऱ्याच दुपारी फोन वाजला. एका सुनेचा आवाज कापत होता. सासऱ्यांच्या छातीत कळ आली होती. ताईंनी पत्ता म्हटला, "गल्ली सात, घर चार!" आणि त्या सुनेला धीर देत राहिल्या. मागे मामा ओरडत होते, "नवी की जुनी?" एकदा, दोनदा, चारदा. माझा जीव टांगणीला लागला. शेवटी मामा वळसा घालून धावत आत आले आणि त्यांनी माझ्यावर हात आपटला.

"घसा फुटेस्तोवर ओरडतोय, ताई! नवी की जुनी?"

ताईंनी दचकून दोन बोटं वर केली. पाच मिनिटं वाया गेली होती.

तासाभराने निरोप आला. आजोबा वाचले होते, पण थोडक्यात.

कार्यालयाचे साहेब तणतणत आले. "मामा, गाडी उशिरा का काढलीत? उद्यापासून घरी बसा."

मामा खाली मान घालून उभे होते. ताई माझ्या कडेला धरून उठल्या.

"साहेब, मामांची चूक नाही. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. कधीच येत नव्हतं. बावीस वर्षं मी समोरच्या खिडकीत मामांच्या खुणा बघून काम केलं. घरी बसवायचं तर मला बसवा."

आराखडेवाल्या बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पडला. "बावीस वर्षांत कधी गाडी उशिरा निघाली होती?" त्यांनी विचारलं.

"कधीच नाही," साहेब हळूच म्हणाले.

"मग चूक माझी आहे." बाई फरशीवर गुडघे टेकून बसल्या. माझ्या पायांचे चार जुने डाग त्यांनी शोधून काढले. मामांनी एका बाजूने उचललं, साहेबांनी दुसऱ्या. ताई बसल्या आणि समोर बघून म्हणाल्या, "आता दिसतंय."

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी मोठमोठी कार्यालयं उभारेल. जरूर मोजा, सगळं मोजा. पण माझ्यासारख्याला हात लावण्याआधी, तिथे रोज बसणाऱ्या माणसाशेजारी एक खुर्ची ओढून बसा आणि विचारा, "तुम्हाला इथून काय दिसायला हवं?"